गिरगावातली एक गल्ली, दोन जमिनी

चंद्रपूरहून निघताना नवरा म्हणाला, "मुंबईला पाहुणी म्हणून चाललीस, मग यंत्र कशाला?" भूमिगत कोळसा खाणीतल्या सुरुंगांचे हादरे मोजण्यात माझं उभं आयुष्य गेलं. पण या वेळी कंपनमापक विहीणबाईंनीच मागवला होता.

गिरगावात त्यांच्या चाळीत पोचले, तर पुढ्यात तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि तांदळाची भाकरी. मी दुसरी भाकरी घेतली तोच मांडणीवरचे पेले किणकिणले. खाली खोलवर रस्त्याच्या बोगद्याचं यंत्र खडक कापत चाललं होतं.

"ऐकलंत? आणि समोरची सुमन म्हणते, मला भास होतात!" विहीणबाईंचे डोळे भरले. चाळीस वर्षांची मैत्रीण गल्लीतल्या रहिवाशांच्या सभेत सर्वांदेखत तसं बोलली, तेव्हापासून अबोला.

दुपारी मी आधी इथे तळमजल्यावर मोजलं, मग गल्ली ओलांडून सुमनताईंकडे. "माका कायएक जाणवत नाय" (मला काहीच जाणवत नाही), त्या म्हणाल्या. खरंच, त्यांच्याकडे यंत्रावरची रेघ जेमतेम हलली. विहीणबाईंकडे तिनं उड्या मारल्या होत्या. अंतर पंचवीस पावलं!

सुमनताईंच्या मागच्या दारी काळा कातळ उघडाच होता.

"आणि त्या चाळीखाली काय होतं?"

"तळी होती मा. मगे भराव घातल्यानी."

त्यांनी माझ्यासाठी खरवस काढला होता. मी ती ताटली पाट्याशेजारी ठेवली आणि ओट्यावर बुक्की मारली. पाटा ढिम्म, खरवस मात्र थरथरला.

"कातळात हादरा झटकन येतो, झटकन जातो. मऊ भरावात तो वाढतो, रेंगाळतो."

 सुमनताई ताटली उचलून अनवाणीच समोर गेल्या.

"अगो, भास नाय तुझे. तुझा घर खरवसार असा!"

विहीणबाईंनी आधी तोंड फिरवलं, मग इतक्या हसल्या की ठसका लागला. हादरे धोक्याच्या मर्यादेच्या खाली आहेत, हेही मी सांगितलं. तरी भरावावरच्या चाळीत रोज मोजणी व्हावी, असा अर्ज दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बोगद्याच्या कचेरीत देऊन आल्या.

परतताना मला आमच्या खाणीजवळ नाल्याकाठच्या गाळावर राहणारी वत्सलाबाई आठवली. सुरुंगांनी घर हलतं, अशी तक्रार घेऊन ती कितीदा आली होती. कातळावरच्या आमच्या कचेरीतले आकडे दाखवून मी तिला दर वेळी परत पाठवलं होतं.

सामान घरी टाकून तशीच तिच्याकडे गेले.

"वत्सलाबाई, तुमचं खरं होतं. मीच चुकीच्या जागी मोजत होते."

तिनं चटई झटकून अंथरली.

"बसा. लई वर्सं लावली बाई तुमी."