राखणदाराचा कोंबडा

गुणवंती आमच्याच वाडीतली, पावसची. पंतप्रधान इंदिराबाई गेल्या त्याच्या फुडल्या वर्षाची ही गोष्ट. बाय अशी की डोक्यावर गवताचा भारा नि तोंडानं भांडण, दोन्ही एका दमात. घोव मोरू मुंबयला कामाला, हिकडचं सगळं धाकट्या दिरावर, दत्तारामवर.

आधी तिच्या छातीत गाठ झाली. मुंबयला नेऊन काढली. बरी झाली म्हणून वाडीत पेढे वाटलेन. मग दोनेक वर्षांनी डोकं ठणकायला लागलं, विळा हातातनं गळायला लागला. पुन्हा मुंबय. तर छातीतलाच रोग डोक्यात जाऊन रुजलेला. डॉक्टरांनी जमेल तेवढा काढला, थोडा राह्यलाच.

घरी आली ती डोक्याला पट्टी नि मनात एकच गोष्ट.

"हे ज्यानं केलंन त्याला मी सोडायची नाय!"

नि बोट दत्तारामवर. कसं ते सांगते. आमच्या बांधावर राखणदाराचा दगड हाय. भात झोडून झालं की राखणीच्या दिवशी त्याला कोंबडा द्यायचा, मग तो वर्षभर घरादारावर नजर ठेवतो. छातीची गाठ काढायला ती मुंबयला गेली, त्या साली कोंबडा द्यायचं काम दत्तारामकडं.

"ह्या मेल्यानं कोंबडा आपणच गिळलान," ती म्हणायची. "राखणदार उपाशी राह्यला, म्हणून रोग डोक्यात शिरला. येऊ दे राखणीचा दिवस. दगडाम्होरं गाऱ्हाणं घालते, ह्याचे हात झडू देत!"

दत्ताराम गरीब, ऐकून घ्यायचा. तोच तिला यष्टीनं रत्नागिरीला डॉक्टरकडं घेऊन गेला. ती दुसऱ्या बाकावर बसली, तोंड फिरवून.

डॉक्टरनं मुंबयचे कागद वाचले. ही सरळ विचारते, "माणसाच्या अंगात राखणदार नसतो काय?"

"असतो ना, मावशी. रक्तात पेशी असतात, मेंदूत वेगळ्या. बाहेरचं काही आत आलं की धावून जातात."

"मग माझे खय मेले?"

"मेले नाहीत. तुमच्या गाठीचा तुकडा मुंबईत भिंगाखाली पाहिला, तर तिच्याभोवती ते गर्दी करून बसलेत. पण मारत नाहीत. काही डॉक्टरांना तर शंका आहे की तेच तिला वाढायला मदत करतात. अजून पक्कं कळलेलं नाही."

गुणवंतीनं कागद गुंडाळलेन नि उठली.

यष्टीतनं उतरल्यावर दत्ताराम म्हणला, "वैनी, कोंबडा मी दिला व्हता. पटत नसंल तर केरू गुरवाला विचारा."

ती तशीच तडक केरूच्या अंगणात. केरू म्हणला, "माझ्या हातानं कापला गो. लाल तुऱ्याचा, तुझाच. मुंडी माझ्या वाट्याला आली."

"म्हणजे राखणदार मेला जेवला व्हता!" एवढंच बोलली नि घरी आली.

राखणीच्या दिवशी वाडी जमली. सगळ्यांना वाटलं, आता दिराचं वाटोळं मागते. तर हिनं कोंबडा घरीच कापलान, वाटप घालून शिजवलान, वडे तळलेन नि टोप घेऊन बांधावर गेली. दगडाम्होरं दोन पानं मांडलीन, एक आपलं, एक दत्तारामचं. चांगली तंगडी त्याच्या पानात वाढलीन.

"जेवा, भावोजी. तुमचं नाव फुकट घेतलं मी."

"वैनी, राखणदाराचं पान?"

"त्याचं पान उठलं!" नि दगडाकडं बोट करून म्हणली, "माझा कोंबडा खाल्लास नि रोगाला वाट दिलीस? माझ्या डोक्यात बसलेत ते तुझेच भाऊबंद. माझंच खातात नि त्या रांडेच्या गाठीला पोसतात. त्यांच्यापर्यंत माझा हात पोचत नाय, तुझ्यापर्यंत पोचतो. मी जायची ती जाईन, पण तुला उपाशी ठेवून जाईन."

केरू गुरव कानावर हात ठेवून पळाला. ती सावकाश जेवली, बोटं चाटलीन. हाडकं वेचून कुत्र्याला घातलीन, दगडाला एक नाय दिलंन.

शिमग्याआधी गेली.

फुडल्या साली केरू आला, "दत्ताराम, राखणीचा कोंबडा?"

दत्ताराम म्हणला, "वैनीनं उठवलेलं पान मी मांडायचा नाय."

त्या दगडाला त्या घरातनं अजून नारळसुद्धा जात नाय.