गाठी मारलेली मोटर

वायरला गाठ मारणाऱ्या माणसाचा मला आयुष्यभर तिटकारा आहे. जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मी एकतीस वर्षं वायरमनच्या तुकड्या शिकवल्या. नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगायचो, गाठ शेळीच्या दाव्याला मारतात, वायरला नाही. निम्मी पोरं हसायची, निम्मी वहीत लिहून घ्यायची. मला दोघांचीही कीव यायची.

निवृत्त झालो की माणूस मवाळ होतो म्हणतात. माझं उलट झालं. परभणीत हल्ली ज्याच्या खिशात टेस्टर तो मेकॅनिक. काळी चिकटपट्टी गुंडाळली की जोड झाला, असं समजणारी ही जमात. आमच्या घरात यांतल्या एकालाही मी कधी पाऊल टाकू दिलं नाही.

त्या मे महिन्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली. पुण्याहून जावई सोडायला आला होता. तो दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नेमकं काय करतो हे मला चार वर्षांत समजलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही. मुलीचं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं, डॉक्टरांनी उन्हापासून जपायला सांगितलं होतं. तिच्या सासरकडच्यांचं म्हणणं, परभणीच्या भट्टीत कशाला पाठवायची? शेवटी खोलीत एसी आहे या एका गोष्टीवर ते तयार झाले. एसी जुना, खिडकीतला, पण मी स्वतः बसवलेला. बायकोने महिनाभर आधीपासून जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचा ढीग लावला होता. बाळंत होईपर्यंत गारवा आणि झाल्यावर शेगडी, असा तिचा हिशोब होता. त्यात मी पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसीचा वारा थांबला. आत कॉम्प्रेसर घुरघुरत होता, पण थंडी खोलीत ढकलणारी ब्लोअरची मोटर बंद. जवळ गेलो तर जळक्या वार्निशचा वास. मोटर जळली होती.

मी काही बोलायच्या आत जावयाने फोनवरून कोणाला तरी बोलावलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक टेक्निशियन आला. त्याने स्क्रू ड्रायव्हर बाहेरसुद्धा काढला नाही. जाळीवर टिचकी मारली, फोटो काढला आणि म्हणाला, "काका, याचा पार्ट येत नाही आता. नवीन घेऊन टाका." नाचता येईना अंगण वाकडं. दुकानात विचारलं तर एसी होता, पण बसवणारी माणसं आठ दिवस मोकळी नव्हती. कूलर लावावा तर त्याच्या पोटात ओतायला पाणी कुठलं? मेमध्ये आमच्या गल्लीत पाणी तांब्याने मोजून वापरतात.

"मामा, मी उद्या संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढून ठेवतो," जावई म्हणाला. "तोपर्यंत झालं तर रद्द करू. नाही तर हिला परत नेतो. रिस्क नको."

त्याचं चुकत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. मुलगी स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन हळूच म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं. आईजवळ राहायचंय." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हणालो, "तुझा बाप एकतीस वर्षं हेच करत आलाय."

एसी खाली काढायला जावयालाच हाताशी घेतला. कीबोर्डपेक्षा जड वस्तू त्याने जन्मात उचलली नसावी. एका बाजूने ब्लोअरचं चाक, दुसऱ्या बाजूने पंखा सोडवून मी मोटर बाहेर काढली आणि रिक्षाने स्टेशनमागच्या एका वाइंडरकडे गेलो. त्याच्याकडे जळक्या मोटरा नवी तार गुंडाळून छान भरून मिळतात असं ऐकून होतो. दुकान कसलं, पत्र्याचं खोपटं. दारात चिखल वाळलेल्या विहिरीवरच्या मोटरा ओळीने पडलेल्या, आणि मध्ये तांब्याच्या तारेच्या भेंडोळ्यांत बसलेला पन्नाशीपुढचा माणूस.

"या सर," तो म्हणाला. परभणीत मला सगळेच सर म्हणतात, त्यामुळे मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलंही नाही.

मोटर उलटीसुलटी करून तो म्हणाला, "उद्या बाराला या. एकाच स्पीडवर भरून देतो, तीनच वायरी निघतील. चालंल?"

"चालेल. पण काम स्वच्छ कर. तुमच्या विहिरीच्या कामासारखं नको." तो हसला, आणि मला ते हसणं मूर्खाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मोटर तयार होती. तीन वायरी, तिन्ही लाल. आणि त्यांना गाठी! एकीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. माझं डोकंच फिरलं.

"सर, त्या गाठी..." तो सांगायला लागला.

"मला शिकवतोस?" मी म्हणालो. मोटर पिशवीत टाकली आणि निघालो.

वायरी गुंतू नयेत म्हणून या अडाण्याने गाठी मारल्या असतील, असं मी ठरवून टाकलं. घरी टेबलावर वर्तमानपत्र पसरून पहिलं काम केलं ते सगळ्या गाठी नखांनी सोडवण्याचं. वायरी बोटांनी ओढून सरळ केल्या. जावई बघत होता. त्याला म्हणालो, "बघ, कामाची सुरुवात अशी करायची असते."

मग तिन्ही लाल वायरी हातात धरल्या. तीनपैकी एक कॉमन, एक रनिंग आणि एक मोटरला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या कंडेन्सरला जाणारी. कोणती कोणती? मीटर लावला असता तर पाच मिनिटांत समजलं असतं. पण माझ्या मीटरमधला सेल केव्हाच संपला होता, आणि नवा सेल आणायला निघावं तर जावयासमोर नाक कापलं जाणार. मोटर जळण्याआधी तिच्या वायरी ज्या क्रमाने बाहेर निघत होत्या, त्याच क्रमाने मी या जोडल्या. एकाही पोराने असं केलं असतं तर त्याला वर्गाबाहेर उभा केला असता.

बटण दाबलं. मोटर हुंकारली, पण फिरली नाही. थोड्याच वेळात तोच वास आला, आणि मी घाईघाईने बटण बंद केलं.

जावयाने चोरून घड्याळाकडे पाहिलं. बायको आत गेली आणि लेकीसाठी केलेले लाडू डब्यात भरायला लागली, बरोबर द्यायला. झाकण लावल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. मुलगी पलंगावर ओल्या टॉवेलने मान पुसत बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि ते मी स्वतः केलं होतं.

मोटर मांडीवर घेऊन रिक्षाने पुन्हा त्या खोपट्यात गेलो. तीन वाजले होते, पत्रा नुसता तापलेला.

त्याने वायरी हातात घेतल्या, बोटांनी चाचपल्या आणि विचारलं, "सर, गाठी कोणी सोडल्या?"

"मी."

"का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न नेहमी मी विचारत आलो होतो. त्याने मोटर उघडली, आतल्या तारांवर तळवा ठेवला, वास घेतला. "वाचली. जरा ताव खाल्लाय, बाकी कायी न्हाई. फिकर नका करू." मीटर लावून त्याने वायरी ओळखल्या, मग खाली न बघताच त्याची बोटं पुन्हा गाठी मारायला लागली. "एक गाठ कॉमन. दोन गाठी रनिंग. तीन गाठी कंडेन्सर. हेच सांगायलालो मघाशी."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण खोड जित्याची. "बाजारात रंगीत नळ्या मिळतात. त्या घालायच्या वायरीवर. गाठी कसल्या मारतोस?"

"मिळत्यात की. पर मला रंग दिसत न्हाईत, सर. लाल बी तसंच, हिरवं बी तसंच." मग वर बघून तो अगदी साधेपणाने म्हणाला, "तुमीच तर वळखलं होतं, वर्गात."

मला प्लग आधी आठवला. तीन पिनांचा, अर्थिंगची हिरवी वायर लाइव्हच्या पिनेला लावलेला. तो प्लग मी साऱ्या वर्गासमोर वर धरला होता आणि म्हणालो होतो, "ज्याला लाल-हिरवं कळत नाही तो वायरमन होणार! जा, गावाकडे जाऊन शेळ्या राख." पोरं पोट धरधरून हसली होती. तो पोरगा दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. तो किस्सा मी पुढच्या प्रत्येक तुकडीला सांगितला, आणि प्रत्येक तुकडी हसली. प्लग इतकी वर्षं लक्षात राहिला. पोराचं तोंड मात्र राहिलं नव्हतं.

"मग चुलत्याच्या हाताखाली मोटरा भरायला शिकलो," तो सांगत होता. "रंगाचं जमंना, म्हणून गाठी मारायला लागलो. शेतकऱ्याला बी बरं पडतंय. विहिरीवर अंधारात हातानं चाचपून जोडतंय गडी. आता चुडाव्यापासून सोनपेठपस्तोर समदे गाठीवरच जोडायलेत. तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?"

मला माहीत नव्हतं. अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. मला कळणार कसं? मी या मेकॅनिकांपैकी एकालाही कधी दारात उभं केलं नव्हतं. लाज वाटली, फार लाज वाटली. पण तसं त्याला बोलून दाखवण्याइतकी दानत माझ्यात नव्हती. "बरं आहे," एवढंच म्हणालो. त्यानेच मोटर पिशवीत घालून रिक्षापर्यंत आणून दिली.

घरी गाठी मोजून वायरी जोडल्या. बटण दाबलं आणि मोटर पहिल्या झटक्यात फिरली. एसी परत खिडकीत चढवला. अर्ध्या तासात खोली गार पडली आणि मुलगी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली. बायकोने लाडवांचा डबा फडताळात परत ठेवला. जावयाने दोन्हीपैकी एक तिकीट रद्द केलं.

निघताना तो वाकून पाया पडला. "मामा, मानलं तुम्हाला. पण मोटर भरली कोणी? काम एकदम भारी आहे."

"माझाच एक विद्यार्थी," मी म्हणालो. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.