प्राध्यापकांचं बारकं पुस्तक

दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून इनायातच्या पाठीचा पार भुगा झाला होता. तरी वाट वाकडी करून ती अलेक्झांड्रियाच्या नबी दानियाल रस्त्यावर, शाकिरचाचांच्या जुन्या पुस्तकांपाशी आली आणि पिशवीतला जाडजूड ग्रंथ तिने त्यांच्यापुढे ठेवला. अर्थशास्त्रात ती दोनदा नापास झाली होती. ही शेवटची संधी गेली की विद्यापीठातून नावच कटणार होतं, आणि पस्तिशीनंतर तिला पुन्हा दारात कोण उभं करणार?

"का गं पोरी, वाईट निघालं?"

"वाईट कशाला? सगळं समजलं. तेच नडलं, चाचा. पेपरात माझ्या शब्दांत लिहून आले."

"अगं, पुस्तक लिहितात प्राध्यापक, पेपर काढतात ते, तपासतात ते. तू मध्येच डोकं कशाला चालवलंस?"

चाचांनी ढिगातून प्राध्यापकांचं बारकं पुस्तक ओढून काढलं. इनायातने आधी शेवटचं पान पाहिलं. फाडलेलं होतं. त्या पानावर नाव घालून ते प्राध्यापकांकडे जमा करायचं असतं, म्हणजे नवं कोणी घेतलं ते त्यांना कळतं. पान नाही, तर वर्षभराच्या कामाचे गुणही नाहीत.

"मग कॉलेजच्या दारातूनच घे," चाचा म्हणाले. "दरवर्षी मेलं नुसतं कव्हर बदलतात."

जाडा ग्रंथ चाचांकडेच राहिला. तिने नवं पुस्तक घेतलं, पान फाडून देऊन टाकलं. हिवाळाभर शिक्के मारता मारता ती घोकत राहिली: भाव वाढण्याची कारणं तीन. पहिलं, दुसरं, तिसरं. समजून घ्यायचा नाद तिने सोडला. समजण्यासारखं त्यात होतं तरी काय! पेपरात तिन्ही उतरवली, स्वल्पविरामासकट.

पास झाली. आनंद व्हायला हवा होता, तिला नुसती झोप येत होती. घरी आई मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती.

"कांदा परत का गं महागला?" आईने विचारलं.

"कारणं तीन," इनायात म्हणाली, आणि तिने ती धडाधडा म्हणून दाखवली.

आईचे हात थांबले. "गेल्या वर्षी किती छान सांगितलं होतंस. मी शेजारणीलासुद्धा समजावलं."

"गेल्या वर्षी मी नापास झाले होते, आई."

"हो का," म्हणून आई पुन्हा पानं खुडू लागली.

तेव्हा काय सांगितलं होतं, ते इनायातने खूप आठवून पाहिलं. पहिलं, दुसरं, तिसरं, एवढंच तोंडात येत राहिलं.