‘दार बंद’चा शेरा

मळ्याकडं जाणारी वाट वळली की रत्ना थबकायची. पदराची गाठ आवळून ती बनेश्वराचं नाव घ्यायची आणि मग कान देऊन उभी राहायची. काहीच ऐकू येत नसलं की भीती जास्त वाटायची.

शिवऱ्याच्या पुढं, हायवेपासून दीड-दोन किलोमीटर आत तिचं गाव. गावात एका खोलीचं पोस्ट आणि त्या पोस्टाचं टपाल चौदा वर्षं वाटणारी ही रत्ना. कुणाच्या ओट्यावर तांब्याभर पाणी, कुणाकडं घोटभर चहा, असं करत तिची फेरी दुपारपर्यंत संपायची. भिण्यासारखं घर एकच, धनाजीचं.

धनाजीचं हायवेला चहा-मिसळीचं हॉटेल आणि घर इकडं मळ्यात. मळ्याला राखण टायगरची. पिवळट अंग, काळं तोंड, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. पट्टा बिबट्यासाठी. दोन वर्षांमागं बिबट्यानं धनाजीच्या दोन शेळ्या नेल्या आणि खुंट्याला बांधलेलं जुनं कुत्रंही नेलं. बांधलेलं होतं म्हणून बिचाऱ्याला पळताही आलं नाही. ते धनाजीच्या मनाला फार लागलं. तेव्हापासून त्यानं ठरवलं, कुत्रं बांधायचंच नाही. रात्री नाही आणि दिवसाही नाही.

कुणी तक्रार केली की त्याचं ठरलेलं, "काय करत न्हाई ओ टायगर. नुसता आवाज हाय त्याला."

गेल्या भाद्रपदात टायगरनं आवाजच केला नव्हता. रत्ना अंगणात पिशवीतून पत्र काढत होती. मागून काहीतरी आलं आणि पोटरीत आग पेटली. किंचाळताना तिचा स्वतःचा आवाजही तिला परका वाटला. धनाजीची सून सोनिया आतून धावत आली. पोरगी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं रत्नाचा पाय नळाखाली धरला, घड्याळ बघून पंधरा मिनिटं साबणानं धुतला आणि म्हणाली, "काकू, हळद-चुना काय लावू नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

रत्नाचा नवरा गोरख तेव्हा धनाजीच्याच टेम्पोवर ड्रायव्हर होता, आजही आहे. दवाखान्याच्या रांगेत तो कानाशी येऊन म्हणाला, "नाव कशाला घ्यायचं? माणूस चांगलाय. उगं वाकडं येईल." आत केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुत्रं कुणाचं?"

"भटकं होतं," रत्ना म्हणाली.

त्यानंतरचा महिना तिनं कसा काढला ते तिलाच माहीत. इंजेक्शनं सगळी वेळेवर घेतली, तरी भीती जात नव्हती. कुत्रं चावलेल्या माणसाला पाणी गिळता येत नाही, हे तिनं लहानपणी कुठंतरी ऐकलेलं. रोज पहाटे देवापुढं दिवा लावला की ती पेलाभर पाणी प्यायची, हळूहळू. पाणी खाली उतरलं की हात जोडायचे. एकदा ठसका लागला, तर दिवसभर तिनं कुणाशी शब्द काढला नाही.

पुढं तिनं एक वाट काढली. मळ्यातली साधी पत्रं गोरखच्या हाती हॉटेलवर पाठवायची. मळ्याकडं बघायचंच नाही. वर्ष असं गेलं.

आणि एका मंगळवारी स्पीड पोस्टाचं जाड पाकीट आलं. सोनियाच्या नावाचं. घरी जाऊनच द्यायचं आणि सही घ्यायची. आत काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक. नर्स म्हणून नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र. सोमवारी सोनियाला पुण्यात एका हॉस्पिटलात कामावर हजर व्हायचं होतं, आणि तो कागद दाखवल्याशिवाय ते घेणार नव्हते.

मंगळवारी रत्ना वळणापर्यंत गेली. लिंबाखाली टायगर बसलेला दिसला. त्यानं नुसती मान वर केली. एवढ्यानंच तिची पोटरी ठणकायला लागली. ती मागच्या पावली परतली आणि पोस्टाच्या मोबाईलवर शेरा टाकला, ‘दार बंद’. बुधवारी तेच. सात दिवस झाले की पाकीट आलं तिथं परत जाणार, हे तिला कळत होतं. ज्या पोरीनं आपला पाय धुतला तिचाच घास आपण काढतोय, हेही कळत होतं. पण पाय वळणाच्या पुढं जाईनात.

गुरुवारी दहालाच आनंदराव पोस्टाच्या दारात. हे टपालावर देखरेख करणारे ओव्हरसियर, रिटायर व्हायला आलेले, बोलायला तिरके पण मनानं सरळ.

"रत्नाबाई, धनाजीरावांचा फोन होता वरच्या हापिसात. त्यांची सून रोज मोबाईलवर बघतीया पाकीट कुठं आलंय ते. दोन दिवस ‘दार बंद’. ते म्हणतात, आमच्या घराला दिवसा कडीच न्हाई."

रत्नानं पिशवीतून ते पाकीट काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

"खोटा शेरा मारला का?"

"व्हय."

"का?"

"कुत्रं हाय तितं. मागं चावलंय मला."

आनंदरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्या रजेच्या अर्जाला केसपेपर जोडलाय, म्या बघितलाय तो. त्यात भटकं कुत्रं लिव्हलंय. आता कोण खरं म्हणंल तुमचं? खोट्या शेऱ्यावर नोकरी जाती बाई. चला, तिथंच जाऊन बघू."

वळणावर रत्ना थांबली. "साहेब, पुढं नका जाऊ. आधी हाक मारा."

हाकेला धनाजी बाहेर आला. आज मुद्दाम घरी थांबलेला. मागं उंबऱ्यात सोनिया उभी. टायगर धनाजीच्या पायाशी, मोकळाच.

"या या साहेब! बघा, हाय का दार बंद? ह्या बाईनं माझ्या सुनंचं नुकसान केलंय."

"आधी कुत्रं बांधा."

"अवो, काय करत न्हाई. बस म्हणलं की बसतंय. टायगर, बस!"

टायगर बसला नाही. मान खाली घालून, गुरगुर न करता, तो वाटेकडं चालत आला. रत्नाला ती चाल ओळखीची होती. तिनं आनंदरावांच्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना मागं ओढलं. "पळू नका साहेब. पळू नका. थांबा जाग्यावर." पिशवी तिनं दोघांच्या पुढं ढालीसारखी धरली. कुत्रं पाच हातांवर आलं. धनाजी ओरडला, "टायगर! ए! इकडं ये!" कुत्र्याचा कानही हलला नाही. धनाजीचा आवाज फाटला तेव्हा रत्नाला कळलं, यालाही आता भीती वाटतेय.

धावत आली ती सोनिया. हातात म्हशीचं दावं. तिनं मागनं पट्ट्याला हात घातला, खिळ्यानं तळवा फाटला तरी सोडला नाही, आणि फरफटत नेऊन टायगरला गोठ्याच्या खांबाला बांधलं. तेव्हा कुठं तो भुंकायला लागला.

आनंदराव घाम पुसत म्हणाले, "धनाजीराव, हे काय करत न्हाई व्हय?"

"दिवसा बांधलं तर कसं व्हायचं साहेब? बिबट्या..."

"दुपारच्या बाराला बिबट्या येतोय तुमच्याकडं? मिसळ खायला?"

धनाजी चिडला. "आजवर कुणाला चावलंय का ते सांगा! हिला तर भटकं चावलं. कागद हाय सरकारी."

रत्नानं सोनियाकडं पाहिलं. पोरगी फाटलेला तळवा पदरात गुंडाळत होती, नजर जमिनीला. सासऱ्यापुढं तिनं बोलावं असं कसं म्हणायचं? रत्नाला गोरखचा टेम्पो आठवला. मग ती बोलली.

"कागद खोटा हाय. म्याच खोटं सांगितलं. ह्याच कुत्र्यानं, ह्याच अंगणात चावलं मला. शेरा पण म्याच खोटा मारला. दोन्हीला जी शिक्षा आसंल ती द्या."

"कोण बघायला होतं?" धनाजीनं विचारलं, पण पहिल्यासारखा जोर नव्हता.

"मी होते, मामा," सोनिया हळूच म्हणाली. "जखम मीच धुतली. चार दात लागले होते."

गोठ्यातलं भुंकणं चालूच होतं. आनंदरावांनी बाजेवर बसून दोघींचा जबाब लिहून घेतला. सोनियानं डाव्या हातानं सही करून पाकीट घेतलं. खोट्या शेऱ्याबद्दल रत्नाला लेखी समज मिळाली, आणि धनाजीला कुत्रं दिवसा बांधून ठेवायची, त्याला लस टोचून दाखला दाखवायची नोटीस. तोवर मळ्याचं टपाल पोस्टातून येऊन न्यायचं.

रत्ना निघाली तेव्हा धनाजी तिला म्हणाला, "गोरखला सांग, संध्याकाळी भेट म्हणावं." तो दिवस तिनं कसाबसा ढकलला. गोरख उशिरा आला. टेम्पोची चावी त्याच्या हातातच होती. "काय म्हणले?" तिनं विचारलं. "काय न्हाई. लस कुठं टोचत्यात ते इचारत होते. उद्या टेम्पोत घालून न्यायचंय. टायगरचं तोंड बांधून द्या म्हणलं म्या."

पंधरा दिवसांनी दाखला आला. मळ्याचं टपाल परत रत्नाच्या पिशवीत आलं. सोनिया कामावर लागली होती. रत्ना वळणावर पोचली. पोटरी ठणकलीच, ते काही थांबलं नव्हतं. पण यावेळी ती गपचूप पुढं सरकली नाही की मागंही फिरली नाही. तोंडाला दोन्ही हात लावून तिनं हाक दिली.

"धनाजीभाऊ! कुत्रं बांधलंय का?"

तिनं परत हाक दिली, अजून मोठ्यानं.

"थांब थांब, बांधतो!" धनाजीचा आवाज आला.

रत्ना थांबली. साखळी अडकवल्याचा आवाज येईपर्यंत तिनं पाऊल उचललं नाही.