तीन ढिगांचा एक ढीग

फोटो नीटनेटका यावा म्हणून मी मातीचे तीन ढीग फावड्यानं एकत्र ओढले आणि वरून हातही फिरवला. दिलावरचाचा खड्ड्यातून वर आले. आधी ढिगाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मास्तर, घरी दूध आन् ताक एकाच भांड्यात ठिवता का?"

मी बेलापूरचा, शेती पदविका पहिल्या वर्गात पास. मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायच्या सरकारी योजनेच्या कामावर मला घेतलं ते त्या कागदावर. खड्डा बघितला होता तो पुस्तकात, तोही आडव्या चित्रात.

चाचा पारनेरकडं तीस वर्षं विहिरी खणत आलेत. वितीपर्यंतची माती उगवतीला, हातापर्यंतची मावळतीला, त्याखालची पायाशी, आणि बुजवताना उलट्या क्रमानं आत, हा त्यांचा रिवाज. "वरची माती खाली गेली की गवत पाच वर्सं रुसतं," म्हणतात. मला तीन थरांचे तीन नमुने हवे होते. मी त्यांचं भरीत केलं होतं.

त्यातून ते रान चाचांचंच. गवताचं, बाभळींचं दोन एकर पडीक, धाकट्या भावाशी सामाईक. फैयाजला ते नांगरून कांदा करायचा होता, चाचांना शेळ्यांसाठी राखायचं होतं. शेवटी फैयाज म्हणाला, "भाई, कागदावर तुमची माती माझ्या कांद्याच्या रानापेक्षा सरस निघाली तर नांगर घालत न्हाई." कांद्याच्या रानातले नमुने कालच घेतले होते. हे न्यायला जीप चार वाजता येणार होती. पुढची दिवाळीनंतर, आणि नांगर त्याच्या आत.

"दुसरा खड्डा काढावा लागेल," मी पुटपुटलो. "पण योजना एका रानाला एकाच खड्ड्याची मजुरी देते."

"मंग ह्यो तुमच्या नावावर." चाचांनी टिकाव उचलला. "एक खड्डा तुमच्याकडं लागला. हातानं फेडायचा."

साठीचा माणूस दोन तासांत कमरेइतका खाली गेला. मी या वेळी फक्त पिशव्या धरल्या, तेवढं जमलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. वरच्या थरात पडीकाचा कर्ब कांद्याच्या रानाच्या जवळजवळ दुप्पट. खाली जावं तसा दोन्हीकडं कमीच, पण दोन हात खोल कांद्याच्या रानात नावालाच उरलेला, तर पडीकात मुळांनी बराच पोचवलेला. फैयाजनं कागद तीनदा वाचला.

"खालचं कशाला मोजलं? तिथं कांदा जातो व्हय?"

"कांदा न्हाई जात, बाबळ जाती," चाचा म्हणाले आणि शेळ्या सोडायला उठले. फैयाजनं तिथंच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं.

मग चाचांनी मला बांधावरची जागा दाखवली. तिथं चिंच लावायची आहे. दोन रविवार गेलो. पहिल्या रविवारी फोड आले, दुसऱ्या रविवारी मुरूम लागला. खड्डा गुडघाभर झालाय. चाचांच्या हिशेबानं अजून हातभर बाकी आहे.