कोनचा रस्ता आणि माझा आगाऊपणा

आतेबहीण वैशालीचं डोहाळजेवण कोनला होतं. दोन दिवस वडिलांचं गाव बघू, ब्लॉगलाही मजकूर मिळेल, म्हणून पुण्याहून सकाळची एसटी पकडली. पनवेल स्टँडवरून कोनला रिक्षा मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा. आत्याकडे गरम तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी तयार होती. पोटभर हादडलं.

वैशालीचं सासर हायवेच्या पलीकडे. पादचारी पूल लांब, त्यामुळे आत्या एक दिवसाआड कालवणाचा डबा घेऊन सरळ रस्त्यातूनच लेकीकडे जाते. डोहाळजेवणाच्या दुपारीही लुगडं वर खोचून, हात दाखवून टँकर थांबवत निघाली. मी जीव मुठीत धरून मागे, तरी मोबाइल चालूच! पलीकडे पोचताच व्हिडिओ स्टेटसला टाकला: 'आमची जेवॉकर आत्या'.

समारंभात तो हातोहात फिरला. विहीणबाईंनी विचारलं, जेवॉकर म्हणजे काय? मला तर ज्ञान पाजळायला निमित्तच हवं होतं. म्हटलं, वाटेल तसा रस्ता ओलांडणाऱ्याला इंग्रजीत तसं म्हणतात. मोटारी नव्या होत्या तेव्हा अमेरिकेत 'जे' म्हणजे अडाणी खेडवळ. आधी वेडीवाकडी गाडी हाकणाऱ्यांना ते नाव चिकटलं, मग चालणाऱ्यांना. मोटारवाल्यांना रस्ता मोकळा हवा होता. चालणाऱ्याला लाज वाटली की काम झालं.

"थोडक्यात, शहरात चालता न येणारा गावंढळ," मी हसत म्हणाले.

बायका हसल्या. विहीणबाई जरा जास्तच.

"आमी कुटं शेरान गेलो बाय?" आत्या हळूच म्हणाली. "रस्ताच आमचे गावान आला."

ओटी पहिली आईनं भरायची. हाक मारली तरी आत्या कोपऱ्यातून उठेना. तुम्हीच भरा म्हणाली. वैशालीचे डोळे भरले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. व्हिडिओ तिथेच काढून टाकला, पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता. परतताना आत्या पुलाकडे वळली आणि गुडघे धरत पायऱ्या चढली. मी ओटीचं रिकामं ताट घेऊन मागून माफी मागत होते. राहू दे, एवढंच म्हणाली.

कोनला जरूर जा. खाणं झकास, माणसं मायाळू. फोन मात्र पर्समध्ये ठेवा. माझी लाज माझ्याबरोबर पुण्यापर्यंत आली ती अजून गेलेली नाही.

काल वैशालीशी बोलले. आत्या आता डबा घेऊन येत नाही. जावई गाडी घेऊन गेला तरच येते, आणि त्याला रविवारशिवाय सवड नसते. आली की आधी दारातच विचारते, "त्या मोबाइलान मी अजून हाय का गं?"