वारं बघायला गेलो तेव्हा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी सोलापुरात विजेच्या कार्यालयात नकाशे काढायला होते. खोलीत मी एकटीच बाई. त्यामुळे खिडकीजवळचं टेबल मला मिळालं होतं, आणि चहा कुणी सांगायचा हा प्रश्न रोज नव्यानं उभा राहायचा. जिल्ह्यात विजेच्या तारा कुठून कुठे जातात आणि पुढे कुठे जायला हव्यात, ते शाईनं कागदावर उतरवणं हे माझं काम. असलेली लाइन सलग रेघेनं, व्हायची असलेली तुटक रेघेनं. माझ्या नकाशात तुटक रेघाच जास्त असायच्या.

तेल महागलं तेव्हापासून आमच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात वारा शिरला होता. असं आम्ही त्यांच्या माघारी म्हणायचो आणि ते स्वतःच कबूल करायचे. म्हणायचे, "कोळसा एवढ्या लांबून आणायचा, जाळायचा, आणि इथे माळावर वारा नुसता उनाडक्या करत हिंडतोय!" अक्कलकोटच्या बाजूला माळांवर पवनचक्क्या उभ्या करायच्या आणि त्यांची वीज जिल्ह्याच्या लाइनीत सोडायची, असा त्यांचा बेत होता. तो त्यांनी मुंबईला पाठवायच्या दहा वर्षांच्या आराखड्यात घालायचं ठरवलं. पण आधी वारा मोजायला हवा. त्यासाठी वाट्या लावलेलं एक फिरतं यंत्र त्यांनी कुठूनसं मागून आणलं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "वाऱ्याची वीज? म्हणजे पंखा उलटा चालवायचा?"

मी ते साहेबांच्या कानावर घातलं. ते खूश होऊन म्हणाले, "आईंना मुंबईच्या मीटिंगला घेऊन जाऊ या."

आषाढात आम्ही जीप काढली. साहेब, ड्रायव्हर, यंत्र बसवणारे दोन मिस्त्री आणि गुंडाळलेला नकाशा मांडीवर घेतलेली मी. मैंदर्गीच्या अलीकडे एका गावात वीज अजून पोचली नव्हती, आणि त्या गावाचा माळ चांगला उंच होता. आम्ही येणार हे गावाला कळलं होतं. जिथं वारा सापडेल तिथं वीज आधी येणार, असंही कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे सगळं गाव वेशीवर उभं होतं.

आणि वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं.

मुलगी बघायला पाहुणे यावेत आणि मुलगीच घरात नसावी, तसं गावाचं तोंड झालं. किराणा दुकान चालवणारे एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. कपाळावर भस्म, खांद्यावर उपरणं. हात जोडून म्हणाले, "सायेब, काल लई वारं होतं. तुमी काल याचं होतं की."

मग गावानं आपल्या वाऱ्याचे पराक्रम सांगायला सुरुवात केली. शाळेचे पत्रे उडाले ती जागा दाखवली. देवळावरच्या निशाणाच्या चिंध्या दाखवल्या. "चावडीचा पत्रा उडून शेजारच्या गावात पडला. त्यांनी अजून दिला न्हाय," असं एकानं छाती काढून सांगितलं. इतक्या अभिमानानं आपलं नुकसान सांगणारी माणसं मी त्याआधी बघितली नव्हती. साहेब रुमाल वर धरून माळावर फिरून आले. रुमाल ओल्या कपड्यासारखा खाली लोंबत होता.

"जेवून घ्या, तवर यील," अप्पा म्हणाले.

त्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो. त्यांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणत. त्या कानडीत बोलायच्या, आणि मला कळलं नाही की तेच मराठीत न सांगता आणखी मोठ्यानं कानडीतच सांगायच्या. "ऊटा माडरी," म्हणत त्यांनी ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. जेवण झाल्यावर साहेबांनी नकाशा जमिनीवर पसरून गावकऱ्यांना बेत समजावला. अप्पा वाकून बघत होते.

"मंजे आमचं वारं ह्या तारंनं सोलापूरला जानार?"

"हो."

"आनि आमी अंधारात?"

"तसं नाही. तुमचा वारा पडला की तिकडची वीज इकडे येणार. सगळ्यांच्या तारा एकमेकींत गुंतवायच्या. ज्याच्याकडे जास्त असेल त्यानं द्यायची, कमी असेल त्यानं घ्यायची."

अप्पांनी थोडा विचार केला. "हां. साटंलोटं. आमची पोरगी तुमच्यात, तुमची आमच्यात."

ओसरी हसली. साहेबही हसले, आणि पुढे कितीतरी दिवस हा बेत कुणालाही समजावताना त्यांनी हाच शब्द वापरला.

तेवढ्यात दार धाडकन आपटलं. अव्वा आतून ओरडल्या, "गाळी बंतु!" भाषांतराची गरज नव्हती. धुळीचा लोट अंगणात शिरला, साहेबांची टोपी गेली आणि माझा नकाशा ओसरीवरून उठला. महिनाभर मान मोडून काढलेला तो कागद चक्क पसरल्या पंखांनी कौलांवरून पलीकडे गेला. मी किंचाळत धावले. माझ्यामागे मिस्त्री, त्यांच्यामागे सगळं गाव. पण गाव नकाशासाठी धावत नव्हतं, आनंदानं धावत होतं. "सायेब, बगा! बगा वारं!" लोक टोप्या हवेत उडवत होते आणि त्या परत मिळत नव्हत्या.

नकाशा माळावरच्या बाभळीत अडकला. काढेपर्यंत मधोमध फाटला. मला रडूच येणार होतं. पण मागे वळून बघते तर आमचे एवढे मोठे साहेब धोतरवाल्यांच्या घोळक्यात उघड्या डोक्यानं नाचत होते. मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. अव्वांनी पिठाची खळ शिजवली आणि चहाच्या पुड्याचा कागद मागून लावून नकाशा सांधून दिला. दुपारनंतर यंत्र खांबावर चढलं. वाट्या अशा गरगरल्या की वेगवेगळ्या दिसेनात.

आराखडा मुंबईला गेला. साहेब तिकडून आले ते खुर्चीत बसून राहिले. "वारा काढून टाका म्हणाले. सध्या विचार नाही. पण त्या गावची लाइन राहिली. नकाशात होती, कुणी खोडली नाही."

मला वाईट वाटलं, पण साहेबांइतकं नाही. ते त्या दिवशी चहाही घेईनात. शेवटी चहा मीच सांगितला.

दीडेक वर्षानं गावात वीज पोचली, कोळशाचीच. नंतर एकदा अप्पा शेंगाची चटणी घेऊन कार्यालयात आले. त्यांचा चेहरा पडलेला.

"काय अप्पा, दिवे लागत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"लागत्यात की. तीच तर आडचन हाय." ते माझ्याकडे वळले. "बाई, तारंची रेघ तुमी वडली म्हनून अव्वा तुमच्यावर लई चिडलीय. दिवा लागला आनि भिताडावरची सगळी काजळी दिसाय लागली. म्हनती, एवढी वर्सं ह्या घानीत स्वैपाक केला व्हय मी? मला दुकानात बसू देत न्हाय, चुना काल्वाय लावती."

पुढच्या रविवारी मी एसटीनं त्या गावी गेले. अव्वा शिडीवर उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातापायांवर चुन्याचे शिंतोडे. मला बघून त्यांनी कानडीत बरंच काही सुनावलं. त्यातलं मला अक्षरही कळलं नाही. मग त्यांनी हातातला कुंचला माझ्या हातात दिला, समोरची भिंत दाखवली आणि माझ्यासाठी भाकरी थापायला आत गेल्या.